तीन चटयांची खोली

खोली मोजतात ती चटयांनी.
माझ्या वाट्याला तीन.
एकीवर मी, दुसरीवर सॅक,
तिसरी दार उघडायला लागते.

एका रात्रीचे एकोणीसशे येन.
काउंटरवरच्या कुवाबाराबाई नोटा दोनदा मोजतात
आणि सुटे शंभर येन
अंगारा द्यावा तसे
दोन्ही हातांनी परत देतात.

भिंतीवर पाच भाषांत सूचना.
बूट इथे. चप्पल तिथे.
संडासाची चप्पल संडासातच.
पहिल्याच रात्री मी तीच चप्पल घालून
लिफ्टपर्यंत पोचलो.
बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं,
मग बराच वेळ छताकडे.

ओसाकातलं हे हॉटेल पूर्वी मजुरांचं होतं.
पहाटे पाचला खाली ट्रक थांबायचा,
मुकादम बोटानं माणसं निवडायचा.
मजूर म्हातारे झाले, ट्रक यायचे थांबले,
खोल्यांत नुसता गवती वास उरला.
मग आली ही विंचवाची बिऱ्हाडं,
लिस्बनहून, सांतियागोहून, तैपेईहून,
मीही त्यांतलाच एक.
तिसऱ्या मजल्यावर अजून जुने अकराजण राहतात,
महिन्याचं भाडं भरून.
गच्चीवरच्या दोरीवर
चिलीच्या पोरीचा पिवळा टॉवेल
आणि कुणाची तरी ढगळ विजार, गुडघ्याला सिमेंट
धुऊनही न गेलेलं.

न्हाणी तळघरात. पाच ते दहा.
सगळ्यांनी सगळ्यांसमोर नागडं व्हायचं.
आमच्या घरी नुसत्या बनियनवर दार उघडलं
तरी आई ओरडायची.
हातभर टॉवेल कुठे धरावा या विवंचनेत
मी थेट हौदाकडे निघालो, तोच
"ओई!"
एका म्हाताऱ्यानं बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं.
आधी घास, मग बुड.
भाषा येत नसून समजलं.

बसलो.
त्यानं न विचारता माझी पाठ घासली,
पातेलं घासावं तशी,
कडेकडेनं आत येत.
कामेई, म्हणाला, स्वतःच्या नाकावर बोट ठेवून.
त्याच्या डाव्या करंगळीचं पेर नव्हतं.
यंत्रानं नेलं की आणखी कशानं,
मी विचारलं नाही.

मग दोघं गळ्याइतक्या कढत पाण्यात.
कामेईनं हवेत काहीतरी उभं केलं:
खांब, खांबावर आडवं, त्यावर पुन्हा खांब.
दोन बोटं त्यावरून चालत गेली,
वर, आणखी वर,
आणि मग तो हात त्यानं सैल सोडून दिला.
पाण्यावर चपकन वाजलं.
"याजिमा."
हे गावाचं नाव की माणसाचं, मला कळेना.
मी मान हलवली.
हलवायला हवी होती का, माहीत नाही.

तेवढ्यात न्यूझीलंडचा तो दांडगा पोरगा आला,
खांद्यावरचा गोंदलेला मासा
औषधी पट्ट्यांखाली झाकून.
गरम पाण्यात पट्ट्या एकेक सुटल्या,
तरंगत कामेईच्या हनुवटीपर्यंत गेल्या.
कामेई इतका हसला
की मला त्याच्या हिरड्या मोजता आल्या असत्या.

सकाळी तो दाराशी दिसला, कॉफीच्या मशीनपुढे.
टोपी. गळ्यापर्यंत बटणं लावलेलं जाकीट.
मी वाकलो. तोही वाकला,
पण अनोळखी माणसासमोर वाकतात तितकाच.
कपड्यांत मी कदाचित वेगळा दिसत असेन.
त्यानं नाणी टाकून दोन डबे काढले, गरम.
मला वाटलं, एक माझा.
त्यानं एक डाव्या खिशात घातला, एक उजव्या,
हातही त्यांच्यापाठोपाठ आत घातले
आणि कोपऱ्यावरून वळला.

कुवाबाराबाईंनी किल्ली घेतली, वहीत टिंब केलं.
माझे बूट कुणीतरी
दाराकडे तोंड करून ठेवले होते.

नाराच्या गाडीत सीटला टेकलो,
तर पाठ अजून चुरचुरत होती,
मधोमध,
जिथे आपला हात पोचत नाही.